निम्म्या अंतराचा खेळ: पाण्यातल्या लाटा, मिठाचा खडा आणि मधलं बरंच काही

पाण्यात एक काठी उभी रोवली आणि तिच्यावर लाट आली तर काय होतं? फारसं काही नाही. लाट काठीला वळसा घालून पुढे जाते, काठीपासून एक बारीकशी गोल लहर निघते, ती थोड्या अंतरावर विरून जाते, विषय संपला. तळाशी वाळूचा एक लांबडा उंचवटा असेल तरी तसंच, वरून जाणाऱ्या लाटेला तो जेमतेम जाणवतो. पण तसेच दहा उंचवटे एकामागे एक सारख्या अंतरावर असले आणि ते अंतर लाटेच्या लांबीच्या बरोब्बर निम्मं असलं, तर लाटेचा चांगला मोठा हिस्सा आल्या पावली परत फिरतो. समोर भिंत नाही, काही नाही, उंचवटे सगळे पाण्याखाली, वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही आणि तरी लाट परत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नव्हतं, म्हटलं अंतर थोडं इकडेतिकडे झालं तर एवढं काय बिघडणार. पण बिघडतं. आणि मिठाच्या खड्यावर एक्स-रे मारले की जे होतं ते म्हणजे हेच, फक्त तिथे उंचवट्यांच्या जागी अणूंचे थर असतात आणि सगळं काही अब्जावधी पटींनी बारीक असतं. पाण्यात मात्र लाट संथ असते, डोळ्यांनी बघता येते, म्हणून सुरुवात पाण्यापासूनच करू.

लाटेची लांबी म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर. समजा ते २ मीटर आहे आणि उंचवटे १-१ मीटरवर आहेत. एक माथा पहिल्या उंचवट्यावर आला, त्यातला अगदी थोडा भाग मागे फिरला, बाकीचा पुढे गेला. पुढे गेलेला १ मीटर चालून दुसऱ्या उंचवट्यावर पोचला, तिथून त्याचाही थोडा भाग मागे फिरला आणि १ मीटर उलटा चालून पहिल्या उंचवट्यापाशी आला. जाताना १, येताना १, एकूण २ मीटर, म्हणजे बरोबर एक लाट. तेवढ्या वेळात मागून येणारा पुढचा माथा पहिल्या उंचवट्यावर पोचलेला असतो आणि त्याचाही थोडा भाग नुकताच मागे फिरत असतो. झालं, माथ्यावर माथा पडला. तिसऱ्या उंचवट्यावरून येणारा दोन लाटा उशिरा येतो, चौथ्यावरचा तीन लाटा उशिरा, पण उशीर नेहमी पूर्ण लाटांचाच, त्यामुळे सगळ्यांचे माथे एकत्र आणि सगळ्यांच्या दऱ्या एकत्र.

आता तेच उंचवटे अर्ध्या मीटरवर ठेवा. जाऊन-येऊन १ मीटर, म्हणजे अर्धी लाट. पहिल्याचा माथा आणि दुसऱ्याची दरी एकाच वेळी एकाच जागी, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि परत येणारं जवळपास काहीच उरत नाही. उंचवटे तेच, उंची तीच, वाळू तीच, फक्त अंतर बदललं.

'निम्मं' का, तर जाऊन-येऊन दुप्पट होतं म्हणून, यात दुसरं कुठलंही गूढ नाही. अंतर एका पूर्ण लाटेएवढं असलं तरी हिशोब जुळतो, कारण मग जाऊन-येऊन दोन लाटा होतात, फक्त मऊ गोलाईच्या उंचवट्यांवर तो परिणाम बराच क्षीण असतो.

इथे एक आकडेमोड करून बघण्यासारखी आहे. समजा एक उंचवटा लाटेच्या उंचीच्या ५ टक्के एवढी लाट परत पाठवतो. ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ऊर्जेच्या भाषेत ते फक्त पाव टक्का झालं, म्हणजे काहीच नाही. दहा उंचवटे कसेही वेडेवाकडे टाकले तर सरासरीने ऊर्जेची नुसती बेरीज होते, अडीच टक्के. पण अंतर जुळलेलं असेल तर उंचींची बेरीज होते, दहा गुणिले ५ म्हणजे ५० टक्के, आणि मग त्याचा वर्ग, म्हणजे ऊर्जेचा पाव हिस्सा परत! प्रत्यक्षात थोडं कमी येतं कारण पुढच्या उंचवट्यांपर्यंत पोचेस्तोवर मूळ लाटच बारीक झालेली असते, पण तरी साधारण पाचवा हिस्सा धरा. अडीच टक्के कुठे आणि वीस टक्के कुठे, आणि त्यासाठी वाळूचा एक कणही जास्तीचा लागला नाही.

हे घरच्या घरी दिसेल का म्हणून मी एका लांब प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये दीड सेंटीमीटर पाणी घेतलं आणि तळाशी दर ३ सेंटीमीटरवर एकेक पेन्सिल आडवी ठेवली, आणि अर्थातच सगळ्या पेन्सिली तरंगून वर आल्या. (लाकूड तरंगतं हे माहिती असूनही.) मग सगळं पाणी ओतून, ट्रे पुसून, पेन्सिली टेपने चिकटवल्या. ३ सेंटीमीटरचं अंतर म्हणजे ६ सेंटीमीटरची लाट हवी, एवढ्या पाण्यात त्यासाठी सेकंदाला साधारण पाच हेलकावे द्यावे लागतात, म्हणून मेट्रोनोमच्या ॲपवर मिनिटाला ३०० ठोके लावले आणि पट्टी पाण्यात उभी धरून हलवत बसलो. पहिल्यांदा नुसता गोंधळ दिसला, कारण ट्रेच्या पलीकडच्या कडेवरूनच लाटा परत येत होत्या, शेवटी तिथे स्पंजचा उतार लावला तेव्हा जरा शांत झालं. मोजमाप वगैरे काही जमलं नाही, पण ठोके अगदी जुळले की पेन्सिलींच्या अलीकडे लाट पुढे सरकायची थांबून जागच्या जागी वरखाली व्हायला लागते, म्हणजे जाणारी आणि परतणारी एकमेकींत मिसळतायत, आणि ठोके थोडे वाढवले की ते जाऊन लाट पुन्हा सरळ चालू लागते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये हे फार छान दिसतं. मनगट मात्र दुखतं.

शास्त्रज्ञांनी अर्थातच हे नीट केलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिस आणि हीदरशॉ या दोघांनी लाटांच्या लांब टाकीत तळाशी एकेक मीटर अंतराचे गोलाईदार उंचवटे करून मोजमापं घेतली आणि लाटेची लांबी उंचवट्यांच्या अंतराच्या दुप्पट झाली की परतणारी लाट एकदम उसळी घेते हे स्पष्ट दिसलं. त्यावरून लगेच मनात येतं की मग किनारा वाचवायला समुद्राच्या तळाशी असे बांध घातले की झालं. पण गंमत अशी की बांधांच्या पलीकडे किनारा स्वतःही लाटा परत पाठवतो, त्या परतलेल्या लाटा आतून बाहेर जाताना त्याच बांधांना आपटून पुन्हा आत फिरतात, आणि बांध आणि किनारा यांच्यातलं अंतर चुकीचं पडलं तर लाटा दोघांच्या मध्ये अडकून उलट जास्त उंच होतात. संरक्षण करायला गेलो आणि पिंजरा बांधला असं. त्यामुळे हे काम दिसतं तेवढं सरळ नाही, आणि खऱ्या समुद्रात एकाच लांबीची लाट कधी नसतेच हे वेगळंच.

पाण्याचीच पण उलट्या बाजूची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. इथे समुद्राच्या लाटा स्वतःच उंचवटे होतात आणि त्यांच्यावर आपटणारी लाट रेडिओची असते. १९५५ साली न्यूझीलंडमध्ये डग्लस क्रॉम्बी यांनी १३.५६ मेगाहर्ट्झच्या रडारने समुद्रावरून येणारा प्रतिध्वनी तपासला. या रेडिओ लहरीची लांबी साधारण २२ मीटर. समुद्रावर तर सगळ्या लांबीच्या, सगळ्या दिशांनी जाणाऱ्या लाटांची खिचडी असते, मग प्रतिध्वनीही खिचडीच यायला हवा ना? तसं झालं नाही. परत आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी एका ठरावीक आकड्याने सरकलेली होती, ०.३७६ हर्ट्झ. आता उलटा हिशोब करा. २२च्या निम्मे ११, म्हणजे रडारला फक्त ११ मीटर लांबीच्या लाटा दिसणार, बाकीच्यांचे प्रतिध्वनी आपापसात कटणार. खोल पाण्यात ११ मीटरची लाट किती वेगाने धावते हे लाटांच्या साध्या सूत्रावरून निघतं, सेकंदाला सुमारे ४.१६ मीटर. एवढ्या वेगाने हलणाऱ्या वस्तूवरून २२ मीटरची रेडिओ लहर परत आली तर तिची फ्रिक्वेन्सी किती सरकेल? दोन गुणिले ४.१६ भागिले २२.१, म्हणजे ०.३७६. अगदी तोच आकडा! मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. समुद्राने त्या सगळ्या गोंधळातून फक्त एकाच लांबीची लाट निवडून रडारला उत्तर दिलं होतं. आज जगभरच्या किनाऱ्यांवर अशी रडार आहेत, आणि हा आकडा अपेक्षेपेक्षा किंचित पुढेमागे झाला की त्यावरून पाण्याचा प्रवाह किती वेगाने वाहतोय ते काढतात, कारण लाट प्रवाहावर स्वार असते.

आता स्फटिक. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या डोक्यात आलं की एक्स-रे जर लहरी असतील आणि स्फटिकात अणू जर रांगेत बसलेले असतील तर या रांगांनी एक्स-रे ठरावीक दिशांनाच फेकले पाहिजेत. तेव्हा हे दोन्ही 'जर' खरोखरचे जर होते बरं का, एक्स-रे लहरी आहेत की कण यावरच वाद चालू होता. त्यात काही जणांची शंका अशी की अणू उष्णतेने सतत थरथरत असतात, मग रांगा कसल्या आणि नक्षी कसली. फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोघांनी मोरचुदाच्या स्फटिकातून एक्स-रे सोडले आणि मागच्या फोटोप्लेटवर ठिपके उमटले. थरथरीचं काय झालं? तर थरथरीने ठिपके फिके पडतात पण पसरट होत नाहीत, कारण प्रत्येक अणू इकडेतिकडे हलला तरी सरासरी जागा तीच राहते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंब्रिजमधल्या २२ वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅग यांनी या ठिपक्यांचा अर्थ फारच सोपा करून सांगितला, की स्फटिकातला प्रत्येक थर एक्स-रेचा अगदी थोडा भाग परत पाठवतो, जसा आपला उंचवटा पाठवत होता, आणि थराथरांतून येणारे भाग जुळले तरच काही दिसतं. फरक एवढाच की किरण समोरून न येता तिरके येतात. तिरक्या किरणाचा दोन थरांमधला जाण्यायेण्याचा जादा प्रवास पूर्ण दुप्पट अंतराएवढा नसतो, कमी असतो, जेवढा तिरका तेवढा कमी. गणितात लिहायचं तर दोन गुणिले थरांतलं अंतर गुणिले थराशी होणाऱ्या कोनाची साइन, ही रक्कम लाटेच्या लांबीच्या पूर्ण पटीत हवी. सरळ समोरून आलात तर साइन १ होते आणि आपलं 'निम्मं'वालं सूत्र परत मिळतं. वडील विल्यम हेन्री ब्रॅग यांच्यासोबत १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते.

मिठाचंच उदाहरण घेऊ. मिठात सोडियम आणि क्लोरीन एक सोडून एक बसलेले, थरांतलं अंतर २.८२ अँगस्ट्रॉम, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या, तांब्यापासून निघणाऱ्या एक्स-रेची लांबी १.५४ अँगस्ट्रॉम. १.५४ ला ५.६४ ने भागलं तर ०.२७३, ही ज्याची साइन आहे तो कोन १५.८ अंश. म्हणजे मिठावर हे एक्स-रे १५.८ अंशात पडले तर झगझगीत परावर्तन, १४ अंशात काही नाही, १८ अंशात काही नाही. इथे बरेच जण गोंधळतात, कारण शाळेत 'थरांवरून परावर्तन' असं शिकवतात आणि मग डोळ्यासमोर आरसा येतो. आरसा कुठल्याही कोनात परावर्तन करतो, स्फटिकाचा थर फक्त जुळणाऱ्या कोनातच. आणि साध्या प्रकाशाने हे का होत नाही तेही यातच आहे, प्रकाशाची लांबी ४००० अँगस्ट्रॉमच्या वर, आणि साइन काही केल्या १ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ५.६४ पेक्षा लांब कुठलीच लाट या थरांमध्ये जुळवता येत नाही. प्रकाशासाठी तेवढे मोठे थर लागतात. ओपल या रत्नात वाळूच्याच जातीच्या सिलिकाचे एकसारखे सूक्ष्म गोळे रचलेले असतात, त्यांच्यातलं अंतर प्रकाशाच्या लांबीच्या पट्ट्यात येतं आणि म्हणून ओपल फिरवलं की रंग बदलतात, त्यात रंगद्रव्य वगैरे काही नसतं.

पण १४ अंशात 'काही नाही' म्हणजे खरंच काही नाही का? हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण ट्रेमध्ये ठोके थोडे चुकले तरी थोडंफार परत येतच होतं. उत्तर आहे थरांची संख्या. समजा जुळणी १ टक्क्याने चुकली. मग दुसऱ्या थरावरून येणारी लाट पहिल्याच्या तुलनेत १ टक्का मागे, तिसऱ्यावरची २ टक्के, असं करत करत एक्कावन्नाव्या थरावरची ५० टक्के मागे, म्हणजे बरोबर अर्धी लाट, म्हणजे पहिल्याला खोडणारी. बावन्नावा दुसऱ्याला खोडतो, त्रेपन्नावा तिसऱ्याला. दहाच थर असतील तर कुणाला खोडायला कुणी नसतंच, म्हणून पाण्यात चूक खपते. एक मिलिमीटरच्या मिठाच्या खड्यात असे ३५ लाख थर असतात. एक्स-रेला प्रत्येक थर इतका किरकोळ वाटतो की तो हजारो थर आत जातो, आणि एवढ्या थरांमध्ये बारीकशी चूकसुद्धा कुठे ना कुठे आपला जोडीदार शोधून कटून जाते, म्हणून तिथे ठिपके एकदम टोकदार येतात. याचाच उलटा उपयोग पाउल शेरर यांनी १९१८ मध्ये दाखवला, की ठिपका किंवा रेघ पसरट आली तर समजायचं कण लहान आहेत, थर कमी पडतायत. नॅनो पावडरचे कण किती मोठे हे आजही पहिल्या फटक्यात असंच काढतात.

जाता जाता आवाजाचं एक उदाहरण, कारण ते फारच देखणं आहे. माद्रिदमध्ये एउसेबियो सेम्पेरे यांचं एक शिल्प आहे, स्टीलच्या चकचकीत उभ्या नळ्या, एकमेकींपासून १० सेंटीमीटरवर, चौकटीत मांडलेल्या. ते केलेलं दिसायला. १९९५ मध्ये काही स्पॅनिश भौतिकशास्त्रज्ञांनी त्यातून आवाज सोडून बघितला तर १६७० हर्ट्झच्या आसपासचा आवाज पलीकडे लक्षणीय कमी पोचत होता. १६७० हर्ट्झच्या आवाजाची हवेतली लांबी किती? सुमारे २० सेंटीमीटर. नळ्यांचं अंतर १०. आता हे तुम्हाला आपोआप दिसायला लागलं असेल.

शेवटचा भाग थोडा अवघड आहे पण सोडवत नाही. समजा उंचवटे दहा नाहीत, संपतच नाहीत. मग जुळणारी लाट आत शिरू शकत नाही, ती पूर्ण परतते, आणि आत फक्त जागच्या जागी डोलणारी लाट राहू शकते. पण जागच्या जागी डोलायचे दोन प्रकार आहेत. अशा लाटेत काही ठिकाणी पाणी नुसतं वरखाली होतं आणि काही ठिकाणी पातळी हलत नाही पण पाणी आडवं जोरात ये-जा करतं. हे आडवं धावणं उंचवट्यांच्या डोक्यावर पडलं तर पाण्याला उथळ, अरुंद जागेतून जावं लागतं, त्यामुळे डोलणं मंद. तेच धावणं दोन उंचवट्यांच्या मधल्या खोल भागात पडलं तर पाणी मोकळं धावतं, डोलणं जलद. लाटेची लांबी दोन्हीकडे तीच पण फ्रिक्वेन्सी दोन, एक कमी एक जास्त. आणि या दोन आकड्यांच्या मधल्या फ्रिक्वेन्सीची लाट? तिला आत जागाच नाही. कुठल्याही लांबीची घेतली तरी नाही. अशा रचनेत लहरींना अडवणारे पट्टे पडतात हे लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्येच दाखवून ठेवलं होतं, एक्स-रेचा शोध लागायच्याही आठ वर्षं आधी.

१९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनलाही लाट समजून अणूंच्या रांगेतून सोडलं, आणि त्या गणितातून पुढे तीच रिकामी जागा इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतही निघाली. एक डोलणं अणूंवर, एक अणूंच्या मधे, दोघांच्या ऊर्जेत फरक, आणि मधल्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन स्फटिकात राहूच शकत नाही. सिलिकॉनमध्ये ही रिकामी जागा सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायचं माप) आहे, आणि सिलिकॉन धड तांब्यासारखं वाहक नाही आणि धड काचेसारखं रोधक नाही ते तिच्यामुळे. ज्या फोनवर हे वाचताय त्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर त्या जागेच्या जोरावर चालतो.

या सगळ्यात 'सारख्या अंतरावर' हे मी गृहीत धरत आलो, आणि स्फटिकवाल्यांनीही सत्तर वर्षं तेच धरलं होतं. मग १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांनी ॲल्युमिनियम-मँगनीजच्या एका मिश्रधातूतून इलेक्ट्रॉन सोडले आणि ठिपके मिळाले दहाच्या गोल फेऱ्यात, एकदम टोकदार. सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेत अशी दहाची फेरी बसूच शकत नाही, जशा पंचकोनी फरशा बिनफटीच्या लावता येत नाहीत. लोकांनी चेष्टा केली, पण ठिपके काही जाईनात. शेवटी असं निघालं की त्यात अणूंची मांडणी पक्क्या नियमाने ठरलेली आहे, फक्त ती कधीच तशीच्या तशी पुन्हा येत नाही, आणि लाटा जुळायला एवढा नियम पुरतो. २०११ मध्ये शेख्टमन यांना नोबेल मिळालं, पण त्याआधीच, १९९२ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलून टाकली होती. नव्या व्याख्येत अणू कसे मांडलेत याबद्दल एक शब्द नाही. ज्याच्यातून मुख्यतः सुटे, टोकदार ठिपके येतात तो घन पदार्थ म्हणजे स्फटिक, बस्स.